पंचमीची दुपार

फार जुन्या काळी एका रानात वणवा पेटला. म्हाताऱ्या हत्तीने साळिंदराला सांगितले, "पंचमीपर्यंत येतील त्यांना गुहेत घे. मग तोंडावर धोंड लोट."

पंचमीच्या दुपारी हरिणी पाडसाला घेऊन धापा टाकत आली. मागे धूर चढत होता.

जड धोंड अर्ध्यापर्यंतच लोटून झालेला साळिंदर वाट अडवून म्हणाला, "उशीर केलास, बाई. सकाळी पंचमी उजाडली, तिथंच मुदत संपली."

"मग आजचा सगळा दिवस कुणाचा, दादा? चतुर्थीचा की षष्ठीचा?"

साळिंदराने सूर्याकडे पाहिले. षष्ठी उजाडायला अजून बराच अवकाश होता. तो बाजूला सरला.

पाडसाला आत ढकलून हरिणीने हळूच विचारले, "सकाळपासून किती जणांना परत पाठवलंत?"

साळिंदर धुराकडे पाहत राहिला.