गमलियेलरावांना कान मिळाले

सातपुड्याचा उतार जिथे संपतो आणि काळी शेते सुरू होतात, त्या सांध्यावर साजखेडी नावाचे गाव आहे. आपले नहेम्याबाबा तिथल्या ल्यूथरन मंडळीचे पाळक होते. मंदिर कौलारू, भिंती मातीच्या, आणि मंदिराला लागूनच बाबांची एक खोली. त्या खोलीच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली कुणी पाहिली नाही. बाबा अंगाने काटकुळे, आवाजाने मृदू. कुणी आजारी पडले की ते औषधाची बाटली घेऊन निघत, आणि घरात करणारे कोणी नसेल तर रोग्याची घाण झालेली चादर नाल्यावर नेऊन स्वतः धूत. लोक संकोचले की म्हणत, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. मला चादर धुवायला काय झाले?"

मंडळीत खालच्या गावातली मराठी बोलणारी घरे होती आणि नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वेगळ्या वस्तीवरची, गोंड कुटुंबेही होती. बाप्तिस्मा एकच, प्रभुभोजनाचा प्यालाही एकच. पण बसायच्या जागा कशा कोण जाणे वेगळ्या पडल्या होत्या. बाके गावाची, दाराजवळची जमीन टोल्याची. बाबांना हे फार सलत असे.

त्या दाराजवळ फुलियाबाई बसायची. गोंडाची विधवा बाई. तिचे एकुलते लेकरू पाळण्यातच गेले होते. त्याच सुमारास गावात गमलियेलराव देशभ्रतार यांची बायको बाळंतपणात दगावली आणि मागे दुधासाठी रडणारी मुलगी राहिली. बाबांनीच फुलियाबाईला त्या घरी नेले. तिने आपल्या लेकराचे दूध त्या परक्या लेकराला पाजले. मुलीचे नाव तबीथा. ती फुलियाबाईच्या अंगाखांद्यावर वाढली आणि तिला 'याया' म्हणू लागली. गमलियेलरावांना वाटे, पोर 'आया' म्हणायला चुकते आहे. त्यांनी कधी विचारले नाही.

गमलियेलराव मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, होते. जंगलातल्या लाकडाचे ठेके घेत, शुद्ध बोलत, आणि शुद्ध बोलण्याचा त्यांना मोठा अभिमान होता. मंदिरात पहिले बाक त्यांचे. माणूस दुष्ट नव्हता, भक्तहो. पण त्याचा देव त्याच्यासारखाच टापटिपीचा होता.

मंडळीच्या प्रार्थनेच्या वेळी ज्याला इच्छा होईल त्याने उठून देवाशी बोलावे, असा बाबांनी पाडलेला रिवाज होता. फुलियाबाईला मराठी मोडकीतोडकीच येई. ती उठली की गोंडीत बोले, डोळे मिटून, दोन्ही हात पसरून, जशी शेजारणीशी बोलते तशी. पुनरुत्थानाच्या सणाला ती अशीच बोलत असताना गमलियेलराव मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ही उपासना आहे की रानातली हाकाटी? देवाला आता गोंडी शिकवायची आहे का?"

बाकांवर हशा पिकला. फुलियाबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. मग ते हळूहळू खाली आले आणि ती बसली.

बाबा वेदीपाशी उभे होते. ते म्हणाले, "देवाला शिकवायची गरज नाही, गमलियेलराव. आपल्याला मात्र आहे."

हे शब्द गमलियेलरावांना झोंबले. घरी आले तर ओसरीवर तबीथा फुलियाबाईच्या मांडीवर डोके ठेवून तिच्याशी गोंडीत बोलत होती, बहुधा तिची समजूत घालत असावी. गमलियेलरावांचा राग उसळला. तबीथाचे दृढीकरण पेंटेकॉस्टच्या दिवशी व्हायचे होते. भर मंडळीसमोर धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ म्हणून दाखवून तिने आपला विश्वास कबूल करायचा होता, आणि तिच्या तोंडून एक काना-मात्रा चुकू नये म्हणून गमलियेलराव स्वतः तिच्याकडून घोकून घेत होते.

"आजपासून या घरात ही भाषा बंद," ते म्हणाले. "आणि बाई, तू आता जा. मुलगी मोठी झाली. तिला दाईची गरज नाही. अंगणात पाऊल टाकू नकोस."

तबीथा रडली. फुलियाबाईने मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि निघून गेली. पुढच्या रविवारपासून मंदिरात ती येई, दाराजवळ बसे, पण प्रार्थनेला तिचा आवाज निघेना. बाबा वाट पाहत थांबत.

मग वैशाखात ताप आला. घरटी एक तरी अंथरुणाला खिळले. हा ताप उतरत नसे. माणूस कोरड्या ओठांनी बरळत राही आणि एके सकाळी बरळणे थांबे. बाबांनी त्या दिवसांत किती जणांना मूठमाती दिली त्याची गणती नाही. खांदा द्यायला माणसे मिळेनात तेव्हा त्यांनी स्वतः कुदळ घेतली. त्यांचा आवाज बसला, डोळे आत गेले. लोकांनी विचारले, "बाबा, देव ऐकत का नाही?" बाबा म्हणत, "मीही त्याला हेच विचारतो."

आणि एके दिवशी तबीथा पाठ करता करता भिंतीला टेकली ती उठली नाही.

तिचा ताप डोक्यात गेला. पहिल्यांदा ती प्रश्नोत्तरीतली वाक्ये बडबडली, मग तीही विसरली. घोकलेले सगळे मराठी तापाने जसे काही जाळून टाकले आणि खाली जे उरले ते गोंडी. ती बोलायची, काही मागायची, वडिलांचा हात धरून काकुळतीने काही सांगायची, आणि गमलियेलरावांना त्यातले अक्षर कळत नसे. पाणी दिले तर तोंड फिरवी. पांघरूण घातले तर काढी. शेजारच्या हन्नाबाई येऊन बसत. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरगी काय सांगून रायली, मले तर काईच समजत नाई."

गमलियेलराव म्हणाले, "मलाही नाही." आणि त्यांना आपल्याच आवाजाची भीती वाटली.

पेंटेकॉस्टचा दिवस उजाडला, वाऱ्याच्या घोषात नि ज्वाळांत पवित्र आत्मा उतरला आणि शिष्य परक्या भाषा बोलू लागले त्या दिवसाचा सण. दरवर्षी या सणाला वेदीवर लाल वस्त्र येई, मुले गुलमोहराच्या फांद्या आणून दारे सजवीत. त्या वर्षी बाबांनी लाल वस्त्र एकट्यानेच अंथरले. बाके अर्धी रिकामी होती. उपासना सुरू व्हायच्या आधीच गमलियेलराव धावत आले, पायांत वहाण नाही, डोक्यावर पागोटे नाही.

"बाबा, तुम्हाला त्यांची भाषा येते. चला. माझी मुलगी जाते आहे आणि काय म्हणते ते मला कळत नाही!"

बाबा मंडळीला म्हणाले, "तुम्ही स्तोत्रे गात राहा. आज उपासना तिथे होईल जिथे तिची गरज आहे." आणि ते निघाले.

तबीथाजवळ बसून बाबांनी कान तिच्या ओठांशी नेला. बराच वेळ ऐकले. मग मान वर केली.

"काय म्हणते?"

"यायाला बोलावते आहे."

"आयाला? ती बाई..."

"आया नव्हे हो," बाबा म्हणाले. "याया. त्यांच्या भाषेत याया म्हणजे आई."

गमलियेलराव खाली बसले. इतकी वर्षे तो शब्द त्यांच्या घरात वावरत होता.

"आणखी काय म्हणते?"

"बाकीचे तिच्या आईसाठी आहे. ते मी कसे सांगू?" बाबा म्हणाले. "मी जाऊन फुलियाबाईला आणीन. पण मी बोलावले तर ती माझ्या शब्दासाठी येईल. तुम्ही जा."

गमलियेलराव नाला ओलांडून टोल्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. फुलियाबाईच्या झोपडीचे दार लोटलेले, चूल थंड. शेजारच्या अंगणात एक म्हातारा खोकत बसला होता. त्याला विचारले तर तो म्हणाला, "ते इथं कुठं जी? पोरगी पडली तवापासून ते तुमच्याच कुंपणापाशी बसते. गोठ्याच्या मागं. अंगणात नको येऊ म्हणलं होतं ना तुमी."

गमलियेलराव ज्या वाटेने गेले त्याच वाटेने धावत परतले. घरामागे, गोठ्याच्या सावलीचीही जिथे पोच नाही अशा उन्हात, काटेरी कुंपणाला लागून फुलियाबाई बसली होती. ओठ फुटलेले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. देवाशी ती बोलायची थांबली नव्हती. फक्त आमच्यासमोर बोलायची थांबली होती.

गमलियेलराव म्हणाले, "फुलियाबाई, मी तुला..."

तिने ते ऐकलेसुद्धा नाही. ती उठत म्हणाली, "पोरगी कशी हाय?"

"तुझं नाव घेते."

ती धावली. कुंपणातून वाट नव्हती. तिने काटे हातांनी बाजूला केले.

फुलियाबाईने तबीथाचे डोके मांडीवर घेतले आणि मुलीची तडफड थांबली. ती डोळे न उघडता पुटपुटू लागली. बाबा पायथ्याशी गुडघे टेकून होते. मंदिरातले स्तोत्र वाऱ्यावर तुटक तुटक येत होते. बाबा म्हणाले, "हे पवित्र आत्म्या, तू पहिल्या पेंटेकॉस्टला शिष्यांना परक्या जिभा दिल्यास. या माणसाला कान दे."

आणि त्यांनी गमलियेलरावांच्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले.

भक्तहो, पुढे जे झाले ते गमलियेलराव मरेपर्यंत रडतच सांगत. ते म्हणत, वारा आला नाही, ज्वाळा दिसल्या नाहीत. आधी तो नुसता आवाज होता. मग जसा आपल्याच अंगणातला आवाज ओळखू यावा तसा तो ओळखू आला. त्यांना एकेक शब्द कळला. तबीथा म्हणत होती, "याया, हळू बोल ग. अप्पा ऐकतील. मग तुला पुन्हा घालवतील."

बापाने हे ऐकले. आपल्या लेकीचे शेवटचे भय आपणच आहोत, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले.

ते गुडघ्यांवर सरकत उशाशी गेले. त्यांनी तोंड उघडले आणि ज्या भाषेतला एक शब्दही ते आयुष्यात शिकले नव्हते, ती त्यांच्या तोंडून बाहेर आली. "बोल बाळा. मोठ्याने बोल. अप्पा ऐकायलाच बसला आहे. यायाला कुणी घालवणार नाही."

फुलियाबाईने दचकून त्यांच्याकडे पाहिले. तबीथाने डोळे उघडले.

"अप्पा, तुम्हाला येते?"

"आजपासून येते."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने घोटभर पाणी घेतले. मग खूप बोलली. यायाबरोबर मोहाची फुले वेचायला गेली होती ते, तिथे भेकर दिसले होते ते, पाठ करताना शब्द विसरायची आणि अप्पा रागावतील म्हणून घाबरायची ते. बाबांनी तिला विचारले, "तबीथा, बाप्तिस्म्यात प्रभूने तुला आपली म्हटले. त्याच्याजवळ राहशील ना?" तिने गोंडीत उत्तर दिले, "राहीन. तो मला सोडत नाही, मग मी कशी सोडू?" असे उत्तर प्रश्नोत्तरीत कुठेच नव्हते. बाबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तिचे दृढीकरण असे झाले.

ऊन कलता कलता ती गेली. एक हात यायाच्या हातात, एक अप्पांच्या.

तुम्ही विचाराल, ज्या देवाने बापाला कान दिले त्याने लेकीला श्वास का दिला नाही? गमलियेलरावांनीही बाबांना हेच विचारले, छाती पिटून विचारले. बाबा त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्यांच्याबरोबर रडले. दुसऱ्या दिवशी फुलियाबाईने आईच्या जागी उभे राहून पहिली मूठ माती दिली, आणि तिला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मातीवरून परतताना फुलियाबाई चालता चालता काही बोलली. गमलियेलराव थबकले. त्यांना कळले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, ती पुन्हा बोलली. नाही. मिळालेले कान गेले होते. ते बाबांकडे आले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "बाबा, परत घेतले त्याने!"

"ते त्या घटकेपुरते होते," बाबा म्हणाले. "आत्म्याने दार उघडून दाखवले. आता आत चालत जायचे ते आपल्या पायांनी. प्रीती अशीच शिकावी लागते, एकेक शब्द."

पुढच्या रविवारी मंदिरात माणसे थोडी होती आणि त्यांतली बरीच शोकाच्या काळ्या कपड्यांत. प्रार्थनेची वेळ आली. बाबा थांबले. कुणी उठेना. दाराजवळ फुलियाबाई खाली मान घालून बसली होती.

तेव्हा गमलियेलराव पहिल्या बाकावरून उठले. सगळी मंडळी पाहत असताना ते मधल्या वाटेने मागे चालत गेले आणि दाराजवळच्या जमिनीवर, टोल्याच्या माणसांत, फुलियाबाईसमोर गुडघे टेकून बसले. त्यांनी हात जोडले.

"फुलियाबाई, या मंदिरात मी तुमचे तोंड बंद केले. मला क्षमा करा. आज प्रार्थना करा. तुमच्या भाषेत करा."

तिने घाबरून बाबांकडे पाहिले. मग त्यांच्याकडे. "तुमाले समजन नाई, मालक."

"नाही समजणार," गमलियेलराव म्हणाले. "तरी करा. माझ्या लेकीसाठी करा. आपल्या लेकीसाठी."

फुलियाबाईने डोळे मिटले, हात पसरले आणि बोलू लागली. पहिल्यांदा आवाज चिरका निघाला, मग मोकळा झाला. गमलियेलरावांनी आपले कपाळ तिच्या पायांजवळ जमिनीला टेकवले. एकही शब्द कळत नव्हता. ते तसेच पडून ऐकत राहिले.