ओढ्याचं पाणी

मुलांनो, आणि मुलांमागे बसून गुपचूप कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही फार फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर एक किल्ला होता. सकाळी धुकं चढलं की तो ढगावर तरंगतोय असं वाटे. त्याच धुक्याखाली शत्रूची छावणी होती आणि वेढ्याला सहा महिने झाले होते.

किल्ल्यावरच्या पाण्याचं टाकं धुरपा राखी. टाक्यात ती कुणाला पाय बुडवू देत नसे, पाणी गाळून, उकळून देई. किल्लेदार थट्टेनं म्हणे, "शत्रू दाराशी आलाय आणि हिला शेवाळाची पडलीय!" पण सहा महिन्यांत गडावर कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं.

खाली मात्र पटकीची, म्हणजे जुलाब-उलट्यांची, साथ आली. छावणीतले लोक ओढ्याकाठीच परसाकडे बसत, ओढ्यातच घोडे धूत आणि तेच पाणी पीत. रोज चिता पेटू लागल्या. त्यांचा धूर धुक्यात मिसळून वर येई. किल्लेदारानं मिशीला पीळ दिला, "आयतीच पीडा टळतेय!"

धुरपाला काही हसू येईना. ती म्हणाली, "सरकार, त्यो ओढा म्होरं आपल्याच गावांतनं जातोय. मला खाली जाऊ द्या."

"शत्रूची सेवा करायला? गेलीस तर हे दार तुला पुन्हा उघडणार नाही!"

गडाबाहेर तिचं कुणीच नव्हतं. तरी ती धुक्यात उतरली. पायाखालची वाट दिसत नव्हती, फक्त ओढ्याची झुळझुळ ऐकू येत होती.

शत्रूच्या सेनापतीनं तिला अडवलं. "पाण्यात विष कालवायला आलीस?"

"ते तर तुमी सोताच रोज कालवताय," धुरपा म्हणाली. "परसाकडचं खड्डं ओढ्यापासनं लांब खणा. पाणी उकळून प्या."

सेनापतीचा सख्खा भाऊ तंबूत तळमळत होता. सेनापतीनं त्याच दिवशी लांब खड्डे खणवले आणि पाणी उकळायला चुली पेटवल्या. पंधरा दिवसांत पटकी ओसरली. भाऊ उठून बसला आणि खालच्या गावांत एकही माणूस दगावला नाही.

मग सेनापतीनं शिड्या लावायचा हुकूम दिला, पण एकही हात उठेना. "जिनं आपला जीव वाचवला, तिच्याच गडावर चढायचं?" शिपाई म्हणाले. सेनापतीनं भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी धुकं विरलं, तेव्हा खाली एकही तंबू नव्हता.

धुरपा गड चढून आली, तेव्हा किल्लेदारानं स्वतःच्या हातानं दार उघडलं. "धुरपाबाई, माझं चुकलं. आत या."

"येते, सरकार," धुरपा म्हणाली, "आधी हात-पाय धुते."

तात्पर्य : रोगाला आपला-परका कळत नाही, म्हणून पाणी राखणाऱ्यानंही तो भेद करू नये.