सोबतिणीचा पाट

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण तेव्हा वर्षं मोजायची कुणाला घाई नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं एक गाव होतं. सकाळ झाली की घराघरांतून तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडू लागत आणि तो ठणठणाट दिवेलागणीपर्यंत चाले. परगावचा पाहुणा आला की कानांवर हात ठेवी. गावकऱ्यांच्या मात्र तो इतका अंगवळणी पडला होता की त्यांना तो ऐकूच येत नसे.

या गावात एक जुनी रीत होती. कुणाचं दुखणं शेवटाला आलं की आळीतल्या सगळ्या हातोड्या थांबवायच्या. जीव शांतपणे जावा म्हणून. आणि मग सोबतिणीला बोलावणं धाडायचं.

सोबतीण म्हणजे कोण, असं लहानांपैकी कुणी विचारील, म्हणून सांगतो. सुईण जशी येणाऱ्या जिवाजवळ बसते, तशी सोबतीण जाणाऱ्या जिवाजवळ बसायची. औषध देणं हे वैद्याचं काम. औषधाचा उपयोग संपला की हिचं काम सुरू होई. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, पाठीला तेल लावायचं, कण्हणं ऐकायचं आणि नंतर घरातल्यांचं रडणंही ऐकायचं. येताना ती फणसाच्या लाकडाचा पाट घेऊन येई, आजाऱ्याच्या उशाशी मांडी आणि त्यावर बसे.

तेव्हा गिरजा ही गावची सोबतीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. तिला स्वतःचं म्हणावं असं माणूस उरलं नव्हतं. हाताची मऊ आणि मनाची खंबीर बाई. एकदा पाटावर बसली की जेवायलासुद्धा उठायला तयार नसे. आजाऱ्याचं सगळं ती एकटी करी. घरातलं कुणी पुढे आलंच तर म्हणे, "तुम्ही व्हा बाजूला. मी आहे ना."

लोक बाजूला होत. खरं सांगायचं तर पुष्कळजण सुटल्यासारखे बाजूला होत. "आक्का आली की घराला कशाची झळ लागत नाही," असं जो तो म्हणे, आणि ते ऐकून गिरजाला बरं वाटे. का वाटू नये? केलेल्या कामाचं कौतुक कुणाला गोड लागत नाही?

एकदा धोंडजी नावाचा तांबट वारला. त्याचं शेवटचं सगळं गिरजानंच केलं होतं. पुढे बऱ्याच महिन्यांनी ती त्याच्या दारावरून जात होती, म्हणून त्याच्या बायकोची, सुंदराची, विचारपूस करायला आत डोकावली. पाहते तर सुंदरा चुलीपुढे बसून तांदळाची पेज ढवळत होती. पेज वाटीत ओतली, ती घेऊन आतल्या खोलीत गेली, रिकाम्या खाटेजवळ जरा उभी राहिली आणि वाटी तशीच परत घेऊन आली.

"कुणासाठी गं ही?" गिरजानं विचारलं.

"त्यांच्यासाठी," सुंदरा म्हणाली. "वेड नाही लागलं मला. ते नाहीत हे कळतंय. पण आक्का, ते पडून होते तेव्हा रोज मी पेज करायची, आणि रोज तुम्ही ती माझ्या हातातून घ्यायच्या. शेवटी शेवटी माझ्या हातचा एक घोटही त्यांच्या तोंडात गेला नाही. माझ्या हातांचं करायचं राहूनच गेलंय. ते काही केल्या थांबत नाहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गिरजाला उलटून काही बोलता आलं असतं. ती मान खाली घालून निघाली ती थेट मथूआजीकडे गेली. मथूआजी म्हणजे आधीची सोबतीण, आता पार थकलेली. गिरजाला हे काम तिनंच शिकवलं होतं.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारीनं तिला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, "पाटावर बसायला तू चटकन शिकलीस, गिरजे. पाटावरून उठायला शिकवायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. अगं, पाट आपला असतो, पण ती जागा आपली नसते."

गिरजाला फार वाईट वाटलं. पण ती नुसती हळहळत बसणारी बाई नव्हती. घरी येऊन तिनं तोंड धुतलं, पाट पुसून भिंतीला टेकवला आणि मनाशी पक्कं ठरवलं, की यापुढे कुणाची जागा अडवायची नाही आणि ज्याची ती जागा आहे त्याला पळूही द्यायचं नाही.

ठरवणं सोपं असतं. ते पार पाडायची वेळ आली म्हाळसाच्या घरी.

म्हाळसा म्हणजे रायाजीची म्हातारी आई, आणि रायाजी म्हणजे गावातला सगळ्यात नावाजलेला तांबट. म्हाळसाचं अन्न तुटलं होतं. वैद्यांनी रायाजीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "आता माझ्या पुडीपेक्षा तू जवळ बसलास तर तिला जास्त बरं वाटेल." रायाजीनं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावाहून दुसरा काढा आणला. मग कुणी सांगितली म्हणून डोंगरातली मुळी आणली. त्यानंतर आणखी कुणाचा लेप आणला. दिवसभर तो आईसाठी धावत होता, पण आईजवळ काही टेकत नव्हता. म्हाळसा डोळे उघडी आणि विचारी, "राया कुठाय?" सून सांगे, "औषध आणायला गेलेत." म्हाळसा पुन्हा डोळे मिटून घेई.

आळीतल्या हातोड्या थांबल्या आणि गिरजाला बोलावणं आलं. तिनं उशाशी पाट मांडला, पण त्यावर बसली नाही. ती दाराजवळ जमिनीवर बसली. तिथूनच तिनं सुनेला कूस कशी बदलायची, ओला बोळा ओठांवरून कसा फिरवायचा, ते शिकवलं. सून आधी घाबरत होती, मग तिचा हात बसला.

संध्याकाळी रायाजी आला. "आक्का, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही," असं म्हणत तो पुन्हा निघू लागला. तेवढ्यात त्याचं लक्ष पाटाकडे गेलं. "हे काय? तुम्ही खाली का बसलात?"

"तो तुझ्यासाठी मांडलाय."

"मला वेळ नाही. घाटापलीकडे एक जाणते बुवा आहेत म्हणे. उद्या उजाडलं की निघतो."

"ये ना जाऊन. पाट आहे तिथंच राहील."

रायाजीचा पारा चढला. "मग तुम्हाला बोलावलं कशाला? तुमचं काम तुम्ही करायचं नसेल तर मी दुसरी सोबतीण आणीन."

"आण की," गिरजा शांतपणे म्हणाली. "आजूबाजूच्या गावांत जेवढ्या आहेत त्या माझ्याच हाताखाली शिकल्यात. त्यांच्याकडे जाऊन आलेय मी. त्याही जमिनीवरच बसतील."

सकाळ झाली. रायाजीनं भाकरी बांधून घेतली, काठी घेतली आणि निघाला. गिरजा उंबरठ्यात उभी होती, ती बाजूला झाली नाही.

"वाट सोडा, आक्का."

"सोडते. आधी ऐकून घे. तुझ्या आईचे पाय गार पडायला लागलेत. तू परत येशील तेव्हा तुझ्या हातात औषध असेल, पण आई नसेल. मग ते औषध घेऊन तू या घरात कुठे कुठे फिरशील, ते मी पाहिलंय. मला ते पुन्हा पाहायचं नाही."

"असं अभद्र बोलू नका," रायाजी ओरडला. "मी बसलो तर ती जाणार हे मान्य केल्यासारखं होईल. मी धावतोय तोवर ती आहे. कळतंय का तुम्हाला?"

गिरजाला कळत होतं. पण ती हलली नाही. "ती जाणार हे तिला तुझ्याआधी कळलंय, राया," ती म्हणाली. "आणि ती एकटीच ते जाणून पडून आहे."

तेवढ्यात आतून म्हाळसाचा बारीक आवाज आला. "राया, मला औषध नको रे. एवढं सामसूम का केलंय सगळं? मला भीती वाटते."

रायाजीच्या हातातली काठी गळून पडली. तो आत गेला आणि पाटावर बसला. बसला खरा, पण काय बोलावं ते त्याला सुचेना. जन्मभर त्याचे हात बोलत आले होते, तोंडाला सवयच नव्हती. तो नुसता गुडघ्यांवर हात चोळत राहिला आणि थोड्या वेळानं उठू लागला.

"उठू नकोस," गिरजा म्हणाली. "बोलता येत नसेल तर काम घेऊन बस. तुझा तो अर्धा राहिलेला हंडा आण, हातोडी आण, ऐरण आण. इथंच बस आणि ठोक."

"आक्का, रीत आहे गावाची—"

"रीत माझ्यावर सोपव."

रायाजीनं हंडा आणला. पहिला ठोका भीतभीत पडला. मग दुसरा, मग तिसरा. निपचित पडलेल्या आळीत तो आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लागलीच आळीतले वडीलधारे काठ्या टेकत दाराशी जमले. सगळ्यांत पुढे तात्या होता, आळीतला सगळ्यांत वयस्कर तांबट.

"गिरजे, हे काय चालवलंय? जाणाऱ्या जिवाला शांतता नको का?"

"तिला विचारलंत का तात्या?"

तात्या गोंधळला. आजवर आळीत एवढी माणसं गेली, पण जाणाऱ्याला काय हवं ते त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो आत आला, खाटेपाशी वाकला आणि म्हणाला, "म्हाळसावहिनी, आवाजाचा त्रास होतोय का?"

म्हाळसा हसली. हसणं कसलं, ओठ जरा हलले. "भावजी, लग्न होऊन या घरात आले ती या आवाजातच झोपले. लेकरं याच आवाजात वाढवली. तुम्ही तो बंद केलात, तेव्हा वाटलं, मी अजून आहे तोवरच सगळे मला टाकून गेले." ती दम घ्यायला थांबली. मग मान किंचित वळवून म्हणाली, "राया, काठाशी हात हलका ठेव. तुझ्या वडलांचीही तिथंच घाई व्हायची."

तात्या तिथंच भिंतीला टेकून बसला आणि त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. थोड्या वेळानं कुणीतरी घरी जाऊन आपली हातोडी उचलली. शेजाऱ्यानं स्वतःची उचलली. दुपारपर्यंत सगळी आळी पुन्हा वाजू लागली.

रायाजी पाटावर बसून ठोकत राहिला, आणि हातांना काम मिळाल्यावर त्याला बोलताही येऊ लागलं. लहानपणी हातोडी चोरून विहिरीत टाकली होती ते त्यानं आईला सांगितलं. म्हाळसा म्हणाली, "माहीत होतं मला." त्यानं विचारलं, "मग मारलं का नाहीस?" ती म्हणाली, "त्या दिवशी वडलांनी दुसऱ्याच खोडीसाठी मारलं होतं की." दोघंही हसली, आणि हसता हसता रायाजी आईच्या हातावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं. तहान लागली तेव्हा त्यानं स्वतः घडवलेल्या वाटीतून तिला पाणी पाजलं. थोडं ओठांवरून सांडलं, तेही त्यानंच पुसलं. गिरजा दाराशी बसून होती. हात पुढे करायची तिला फार इच्छा झाली, पण तिनं ते मांडीखाली दाबून धरले.

ऊन कलायच्या वेळी म्हाळसा गेली. एक हात लेकाच्या गुडघ्यावर होता आणि बाहेर आळी वाजत होती.

रायाजीनं आईचं दुःख केलं, आणि पोटभर केलं. पण तो कुठे अडकून पडला नाही. तो हंडा त्यानं पुरा केला. काठाशी ठोके जरा वेडेवाकडे पडले होते, ते त्यानं तसेच ठेवले, आणि पुढे त्या घरात त्याच हंड्यात पाणी भरलं जाऊ लागलं.

गिरजा मात्र तिथून आपल्या घरी गेली नाही. ती सुंदराकडे गेली. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. "तुझ्या हातची पेज वाढ, आणि मी पीत असताना धोंडजीबद्दल सांग. मी त्याला फक्त आजारी पाहिलंय." सुंदरानं वाढलं आणि सांगितलंही. असं पुष्कळ वेळा झालं. मग हळूहळू रिकाम्या खाटेजवळ वाटी नेणं बंद झालं.

तेव्हापासून गावाची रीत बदलली. कुणी शेवटाला टेकलं की तात्या आधी जाऊन त्यालाच विचारी, हातोड्या थांबवू की वाजू देऊ? आणि पाटावर सोबतीण बसेनाशी झाली. ती दाराशी बसे, आणि पाट घरच्यांसाठी राही.

पुढे गिरजाही थकली आणि एक दिवस अंथरुणाला खिळली. तिला स्वतःचं कुणी नव्हतं हे तुम्हाला आठवत असेल. तिलाही ते आठवत होतं. तिनं उशाशी पाट मांडून ठेवला आणि तो रिकामाच राहणार म्हणून ती निमूट त्याच्याकडे बघत पडली. पण उजाडताच रायाजी ऐरण खांद्यावर घेऊन आला. तो उठण्याआधी त्याची बायको आली. तिच्यामागे आळीतली माणसं पाळीसाठी आपसांत भांडू लागली, तेव्हा तात्याच्या मुलाला मध्ये पडावं लागलं. आणि दुपारी सुंदरा आली, कढत पेजेची वाटी घेऊन.

एके काळी दुसऱ्यांचे हात बाजूला सारणारी गिरजा त्या वाटीकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. सुंदरानं फुंकर घालून पहिला घोट तिला पाजला, मग दुसरा, आणि वाटी रिकामी होईपर्यंत पाजत राहिली. सुंदराच्या हातांचं राहून गेलेलं त्या दिवशी पुरं झालं.

लहानांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: जाणाऱ्याची सेवा दुसऱ्यावर सोपवता येते, पण त्याचा निरोप ज्याचा त्यानंच घ्यावा लागतो.