एकच जिना

“निकालात एक तरी उणीव काढून दाखवा, मॅडम.”

न्यायाधीश श्रीकर हुद्दार हसत म्हणाला, पण ते विचारणं नव्हतं, कौतुक करून घेणं होतं. घरातल्या मारहाणीच्या खटल्यांसाठी जिल्ह्यात वेगळं न्यायालय सुरू झालं होतं आणि तिथे पहिला न्यायाधीश म्हणून बसण्याचा मान त्याचा होता. ज्यांच्या हाताखाली तो कायदा शिकला, त्या निवृत्त न्यायाधीश शकुंतलाबाई निरगुडकर त्याच्याच आग्रहावरून दिवसभर मागच्या बाकावर बसून होत्या.

शेवटचा निकाल रेश्माचा. नवऱ्याने, म्हणजे दिगंबरने, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या वाटेला जायचं नाही, ती भावाच्या गावी राहील तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. श्रीकरने एकही पळवाट ठेवली नव्हती. निकाल ऐकताना दिगंबर नुसता तिच्याकडे बघत राहिला.

बाईंनी निकाल वाचून खाली ठेवला.

“चोख आहे… ती कुठे आहे?”

“निघाली.”

“आणि तो?”

“तोही निघाला असेल. सही झाली त्याची.”

“खाली जायला जिने किती?”

“एकच.”

बाई उठल्या. निरोप नाही, काही नाही, पदर खोचला आणि तरातरा चालू पडल्या. श्रीकरला ते लागलं. असं आपलं चुकलं तरी काय, म्हणून तो मागोमाग बाहेरच्या सज्जात आला.

खाली आवारात रेश्मा फाटकाकडे निघाली होती, सारखी मागे वळून बघत. दिगंबर वर, जिन्याच्या तोंडाशी पोहोचला होता. बाईंनी त्याचा दंड धरला.

“बाबा, जरा खाली सोड मला. गुडघे साथ देत नाहीत.”

श्रीकरच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हाताने बायकोचं मनगट मोडलं, तोच हात धरायचा? आणि गुडघे कसले? सकाळी याच बाई श्रीकरच्या पुढे जिना चढून आल्या होत्या. तो पुढे सरसावला. बाईंनी मान वळवून असं पाहिलं, की तो जागीच थांबला.

एक पायरी… मग दम खाणं. दिगंबर म्हणाला, मला घाई आहे. बाई म्हणाल्या, म्हातारपण असंच असतं रे. पुन्हा एक पायरी…

त्याने हात हिसडला. बाईंचा तोल गेला, वकील-कारकून वळून बघू लागले. झक मारत त्याने हात पुन्हा पुढे केला. नजर मात्र फाटकावरच होती.

श्रीकरने त्या नजरेच्या रोखाने पाहिलं. रस्त्यापलीकडे एस.टी.चा थांबा. भावाच्या गावची गाडी नुकतीच लागली होती. जिना एक, फाटक एक, थांबाही एकच… निकालाची प्रत रेश्माच्या पिशवीत होती आणि तो कागद काही दोघांच्या मधे उभा राहणार नव्हता.

रेश्मा गाडीत चढली. गाडी हलली, वळणाआड गेली.

तेव्हा कुठे बाई शेवटच्या पायरीवर पोहोचल्या. उपकार झाले, म्हणाल्या आणि दंड सोडला. दिगंबर धावत फाटकाबाहेर गेला, रिकाम्या थांब्यापाशी उभा राहिला. बाई कठड्याला हातही न लावता जिना चढून वर आल्या.

“मला सांगायचं होतंत, मॅडम. शिपायाला पाठवून त्याला अडवलं असतं.”

“कशासाठी? निकालानंतर काय केलं होतं त्याने?”

श्रीकरला लाज वाटली. खाली आवार रिकामं होत होतं.

“उद्याही याल ना?” त्याने हळूच विचारलं. “उद्या आणखी खटले आहेत.”

“मी यायची नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या कुणाचा हात धरायचा, ते तुझं तू बघ.”