यादी जिथे संपली

एकदा एका पाठशाळेत मोठी चूक झाली, आणि ती वृद्ध आचार्यांचीच होती. आधीच सांगून टाकतो, कारण वडीलधाऱ्यांच्या चुका सांगताना आपल्याकडे लोक उगाच काळाला नाहीतर नशिबाला मध्ये घेतात.

त्या पाठशाळेत गणित शिकवत. जो सर्वांत मोठी मूळ संख्या शोधेल, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी, त्याला आचार्यपद मिळे आणि त्याची संख्या दारावरच्या शिळेत कोरली जाई; ती चुकीची ठरली, तर पद जाई आणि शिकवणंही बंद होई. चाळीस वर्षं तिथे आचार्यांची १०,१८,०८१ ही संख्या होती. आत येणारा प्रत्येक जण तिला हात जोडी. भागून कोणी पाहत नसे. गुरूचं गणित तपासणं म्हणजे उद्धटपणा, असं शिक्षकांनी ठरवून टाकलं होतं. सोयीचंच होतं ते. त्यांचीही गणितं त्यामुळे कोणी तपासत नव्हतं.

एक शिष्य फार प्रश्न विचारी. आचार्यांच्या हाताखालचे उपाध्याय एकदा वैतागून म्हणाले, "फार शंका येतात ना तुला? मग दारावरची संख्या भागत बस. तेवढंच तोंड बंद राहील."

शिष्य बसला. पाठशाळेच्या यादीत हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या होत्या. नऊ दिवसांत त्या सगळ्या झाल्या. एकीनेही भाग गेला नाही. पण वर्गमूळ अजून आलं नव्हतं, आणि वर्गमुळापर्यंत गेल्याशिवाय थांबायचं नाही, हा पाठ खुद्द आचार्यांनीच दिलेला. त्याने हजारापुढची पहिली मूळ संख्या स्वतः शोधली. १००९. तिने भागलं. बाकी शून्य, आणि उत्तर पुन्हा १००९.

पाटी पाहून उपाध्यायांचा चेहरा उतरला. "अरे, तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत आचार्य. पाटी पूस आणि जेवायला चल."

"पुसली तर भाग जायचा थांबेल का?"

"नाही पुसलीस तर उद्या तुझं बोचकं दाराबाहेर असेल."

शिष्य पाटी घेऊन थेट आचार्यांकडे गेला. त्यांनी पुटपुटत गुणाकार करून पाहिला. एकदा, मग पुन्हा एकदा. नंतर ते उठले, स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणला आणि शिष्याच्या हातावर ठेवला.

मागोमाग आलेले उपाध्याय ओरडलेच, "अहो, याने तुमचं नाव घालवलं, आणि तुम्ही याचं तोंड गोड करताय?"

आचार्य म्हणाले, "यादी संपली तेव्हा मी काम संपलं असं धरलं. एकच पाऊल उरलं होतं. नियम मला ठाऊक होता, पण पदाची घाई होती. पुढे चाळीस वर्षं तुम्ही सगळे माझ्या चुकीला नमस्कार करत राहिलात आणि मी तो घेत राहिलो. माझं काम शेवटपर्यंत करून पाहावं, एवढी त्याची किंमत फक्त या मुलाने केली. त्याचे आभार मानायला नकोत?"

"थांबायचं कुठे, ते तुम्हीच शिकवलंत, गुरुजी," एवढंच शिष्य म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. शिळेला त्याने कधी मनापासून हात जोडले नव्हते. या माणसाला जोडले.

नियमाप्रमाणे आचार्यांचं पद त्याच दिवशी गेलं, आणि त्या पाठशाळेत त्यांना पुन्हा एकही पाठ देता आला नाही.