साळुंक्यांचा खेळ आणि कोल्ह्याची उडी

सागाच्या एका जंगलात एक ससा राहत असे. त्याला खेळ पाहण्याचा भारी नाद. ओढ्याच्या अलीकडे माकडे नाटके करीत आणि पलीकडे साळुंक्या. ससा दोन्हीकडे जाई, हसू आले की हसे, रडू आले की रडे. पण त्या वर्षी जंगलाचा प्रमुख निवडायचा होता. गवा आणि अस्वल उभे राहिले, आणि सगळेच बिघडले. गव्याचा प्रचार कोल्हा करीत होता. त्याने अलीकडच्या प्राण्यांना बजावले, "माकडांची नाटके आपली. साळुंक्या अस्वलाच्या बाजूच्या आहेत. त्यांचा खेळ जो पाहील तो फितूर!" पलीकडे अस्वलाचा प्रचार करणारा कावळाही माकडांबद्दल हेच सांगत होता. बघता बघता, कोण काय पाहतो यावरून कोण कुणाचा हे ठरू लागले.

ससा गव्याच्याच बाजूचा होता, तरी एका संध्याकाळी तो पलीकडे गेलाच. साळुंक्यांनी त्या दिवशी शिकाऱ्यांचा खेळ केला. शिकारी पायवाटेवर फास कसा लावतात आणि त्यावर पाचोळा किती नीट पसरतात, हे त्यांनी हुबेहूब दाखवले. दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली तसाच पाचोळा पाहून ससा धावत हरणांच्या कळपाकडे आला. "तिकडे जाऊ नका! खाली फास आहे. मी खेळात पाहिलंय!"

"कुणाच्या खेळात?" कोल्ह्याने डोळे बारीक करून विचारले.

"साळुंक्यांच्या."

"ऐकलंत? हा फितूर आता तुम्हाला मोहाची फुलंसुद्धा खाऊ देणार नाही!" कोल्हा म्हणाला. कळप खदखदा हसला. एका हरिणीने तर सशाला डोक्याने ढकलून बाजूला केले.

दुपारी त्याच हरिणीचे पाडस मोहाखाली गेले आणि फासात अडकले. ससा दोरी कुरतडू लागला, पण दोरी जाड होती. ती अर्धीही तुटली नव्हती, तोच शिकारी आले आणि पाडसाला खांद्यावर टाकून निघून गेले. सारा कळप घाबरून पळत सुटला. कोल्हा सर्वांच्या पुढे होता. वाटेत तसाच नीट पसरलेला पाचोळा दिसताच त्याने वर उडी मारली आणि तो बरोबर पलीकडे उतरला.

मागून धावणारा ससा जागीच थांबला, तसा कळपही थांबला. "अरे, पाचोळ्याखाली फास असतो हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणजे तू पाहिलायस तो खेळ!"

"म्हणजे... विरोधकांवर नजर ठेवावी लागते," कोल्हा चाचरला. "मी झाडीत लपून पाहतो. सगळेच पाहतो."

हरिणी पुढे आली. "तू पाहिलास, मग आम्हाला का पाहू दिला नाहीस?"

"तुम्ही तिकडे रमला असता, तर आमच्याकडे परत आला असता का?"

"माझं पाडस गेलं रे!" हरिणी ओरडली. "मत कुणाला द्यायचं ते मी बघेन. पण मी काय पाहायचं, हे सांगायला पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस!"

त्या संध्याकाळी अलीकडचा सारा कळप साळुंक्यांचा खेळ पाहायला ओढा ओलांडून गेला. हरिणी सर्वांत पुढे बसली. सशासाठी तिने शेजारची जागा राखून ठेवली होती.

तात्पर्य : आपला पक्ष कोणताही असो, डोळे त्याच्या ताब्यात देऊ नयेत; जो आपल्याला पाहायला बंदी करतो, तो स्वतः बहुधा सगळे पाहत असतो.