लाल कोळंबीची कात

फार जुनी गोष्ट आहे; किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका गडावर एक उतावळा राजा राहत होता. त्याच्या महालात काचेचं मोठं भांडं होतं आणि त्यात गोड्या पाण्यातल्या रंगीत कोळंब्या होत्या. निळ्या होत्या, पिवळ्या होत्या, आणि लाल अंगावर पांढरे पट्टे असलेली मात्र एकच. तिच्यावर राजाचा भारी जीव. एक म्हातारी त्या सगळ्यांना सांभाळत असे.

एके सकाळी ते लाल-पांढरे पट्टे तळाशी निपचित पडलेले दिसले. राजाने ते उचलून तळहातावर घेतले आणि तो कडाडला, "माझी कोळंबी मारलीस! हिचा कडेलोट करा!"

म्हातारीने हात जोडले. "महाराज, नीट बघा, आत काहीच नाही. तिनं कात टाकलीय. चार दिवस तिचा रंग उतरला होता, खाणं सुटलं होतं, तेव्हाच मी ओळखलं."

"मग ती कुठाय? दाखव!"

"दगडांच्या कपारीत लपलीय. अंग अजून मऊ आहे तिचं, दगड हलवला तर चिरडेल. तीन दिवस द्या. आणि ते टरफल पाण्यात परत टाका, नवं कवच कडक व्हायला तिला ते खायला लागतं."

प्रधान हसला. "पुरावाच बुडवायला सांगतेय! महाराज, दगड उपसा, आत्ताच कळेल."

राजाने बाही वर सारली. म्हातारी भांड्यासमोर आडवी आली. "मला ढकला खाली, पण पाण्यात हात घालू नका!"

एक दगड उचलून कोळंबी दाखवली असती तर म्हातारी तिथेच सुटली असती, तरी ती आडवी येतेय, हे राजाच्याही ध्यानात आलं. त्याने टरफल पाण्यात सोडलं आणि तीन दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी टरफल अर्धं झालं. तिसऱ्या दिवशी ते दिसेना, आणि कोळंबीही दिसेना. सूर्य कलला तसे शिपाई म्हातारीचे हात बांधून तिला कड्याकडे घेऊन गेले.

राजा शेवटचं बघायला भांड्यापाशी वाकला. कपारीतून दोन मिशा हलल्या. मग ती बाहेर आली, पूर्वीपेक्षा मोठी, लालभडक, आणि पायांत टरफलाचा शेवटचा तुकडा धरलेली.

राजा अनवाणी धावत सुटला. "थांबा! थांबा!"

म्हातारी कड्याच्या टोकाशी उभी होती. तिने एवढंच विचारलं, "खाल्लं का तिनं?"

राजाने मान खाली घातली आणि तिचे हात स्वतः सोडवले. त्या गडावर पुन्हा कधी कुणाचा कडेलोट झाला नाही.

खरं समोर यायला वेळ लागतो. तेवढा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने न्याय करायला बसू नये.